समोरच्या काउंटरवरचा डॉक्टर

बिटाचा लालभडक रस माझ्या चॉपरमधून उडाला आणि थेट समोरच्या काउंटरवरच्या माणसाच्या पांढऱ्याशुभ्र कोटावर जाऊन पडला.

चूक माझीच होती. झाकणाचा खटका नीट बसला नव्हता, आणि मी मात्र जमलेल्या बायकांना मोठ्या तोऱ्यात सांगत होते, "बघा ताई, एक थेंब बाहेर येत नाही!"

असा हशा पिकला म्हणता! मी ओला फडका घेऊन धावले. "सॉरी... अहो, खरंच सॉरी! द्या तो कोट, मी धुऊन आणते."

त्याने आधी कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "राहू दे. आत्ता कुठे मी खरा डॉक्टर वाटायला लागलोय," तो म्हणाला. "नुकताच ऑपरेशन करून आलेला."

तो डॉक्टर नव्हताच. क्रीम, फेसवॉश, सनस्क्रीन विकायचा. कंपनीला वाटायचं, पांढरा कोट घातला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. पण त्या दिवसापासून मी त्याला 'डॉक्टर' म्हणायला लागले आणि तो मला 'चॉपरबाई'. भल्यामोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी आमची काउंटरं समोरासमोर होती. त्याच्याकडे आरसे, मंद दिवे, गुलाबाचा वास. माझ्याकडे काकड्या, गाजरं, कांदे आणि त्यांना सोलायची, किसायची, चिरायची नाना तऱ्हेची यंत्रं. मधून माणसांची नदी वाहायची आणि तिच्या फटीफटीतून आम्ही एकमेकांना दिसायचो.

एका दुपारी गर्दी ओसरली तसा तो माझ्या काउंटरपाशी आला.

"हात दाखवा."

"का? भविष्य सांगता?"

"भविष्य नाही, वर्तमान. आणि ते वाईट आहे."

मी हात मागे घेतले. दिवसभर लिंबाचा रस, कांद्याचं पाणी आणि भांड्यांचा साबण. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. मला त्यांची लाज वाटायची. तरी तो हात पुढे करून तसाच उभा राहिला, तेव्हा नाइलाजाने दाखवले. त्याने हाताला हातही लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं. पण मला कान गरम झाल्यासारखे वाटले... का कोण जाणे.

"कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात साधं मलम मिळतं, पांढरं, बिनवासाचं. सगळ्यात स्वस्त असेल तेच मागा. हात धुतले की ओलसर असतानाच लावायचं. झोपताना जाडसर थर, आणि वरून सुती मोजे."

"हातात मोजे?"

"पायात घातलेत तर पाय बरे होतील."

मला हसू आवरेना. "आणि तुमच्याकडचं ते सोनेरी झाकणाचं क्रीम?"

"त्यात सुगंध आहे. भेगांना झोंबेल."

"अशी गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या दुकानात पाठवलीत तर तुमचं कसं चालायचं हो?"

"तुम्ही कुठे गिऱ्हाईक आहात?"

"मग कोण आहे?"

तो माझ्या गाजरांची रास उगाचच सरळ करू लागला. "...शेजारी," तो म्हणाला आणि घाईघाईने आपल्या आरशांत परत गेला.

मोजे घालून झोपणं म्हणजे दिव्यच. पण हळूहळू भेगा बुजल्या, हात हातासारखे दिसू लागले. एके सकाळी मी माणसांच्या नदीच्या या काठावरून दोन्ही पंजे उंचावून त्याला दाखवले, तर त्या शहाण्याने टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

मग दुपारचं जेवण आम्ही कँटीनमध्ये एकाच टेबलावर घ्यायला लागलो. त्याच्या डब्यात रोज तेच, पाव आणि उकडलेलं अंडं.

"कोंबडीलासुद्धा कंटाळा आला असेल," मी एकदा म्हटलं.

तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. मग त्याने आत्याबद्दल सांगितलं. आईवडिलांमागे आत्यानेच त्याला वाढवलं. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिचं आयुष्य गेलं. शेकडो मुलींना तिने जेवू घातलं. आता तिच्या बोटांचे सांधे आखडले होते. एकदा बटाटा चिरताना सुरी निसटली. तिने ती सुरी धुतली, पुसली, खणात ठेवली, आणि तेव्हापासून ती स्वयंपाकघरात गेलीच नाही.

"मी केलेलं खात नाही. भूक नाही म्हणते. चहात बिस्किटं बुडवते आणि खिडकीत बसते." तो अंड्याचं टरफल बोटाने चिरडत राहिला. "जिने मला वाढवलं, तिला मी दोन घास खाऊ घालू शकत नाही."

अशा हातांसाठी काय काय मिळतं, हे मला माहीत होतं. संध्याकाळी मी त्याला माझ्याकडच्या वस्तू निवडून दिल्या. जाड रबरी मुठीची सुरी, तसंच सालकाढणं, बरणीचं झाकण फिरवायची पकड आणि दोन खिळे वर आलेला, भाजी चिरायचा एक पाट. त्या खिळ्यांत बटाटा खोचला की धरावा लागत नाही, नुसता कापायचा. डॉक्टर त्या घेऊन लहान मुलासारखा खूश होऊन गेला.

काही दिवसांनी पडलेल्या चेहऱ्याने आला. "खोकी उघडलीसुद्धा नाहीत तिने. म्हणाली, ही लुळ्यापांगळ्यांची खेळणी मला दाखवू नकोस." मग घुटमळून म्हणाला, "एकदा तू ये ना... समजावून सांग तिला."

'तू' त्याच्या तोंडून निसटलं होतं. ते त्यालाही कळलं आणि मलाही. दोघांनीही ते परत उचललं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. दोन खोल्या, लख्ख स्वयंपाकघर... इतकं लख्ख, की बघून वाईट वाटावं. आत्या खिडकीपाशी बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, नजर मात्र धारदार.

"विकायला आलीस?" त्यांनी विचारलं.

येताना मी भाषण पाठ केलं होतं. पण त्या नजरेसमोर खोटं बोलायचा धीर होईना, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "नाही... शिकायला आले. मला स्वयंपाक येत नाही."

डॉक्टर आ वासून बघत राहिला. पण ते खरं होतं. मी शाळेत असतानाच आई गेली. बाबा पहारेकरी, संध्याकाळी त्यांची ड्यूटी सुरू व्हायची. सकाळी ते जे काही उकडून ठेवायचे, ते मी घरी येऊन, कुलूप उघडून, एकटीच खायची. मला फक्त चिरता यायचं.

"दिवसभर चिरतेस आणि शिजवत काहीच नाहीस?" आत्यांना तो जणू गुन्हाच वाटला. "मग शिकलीस काय? चल, ऊठ. कांदा घे. बटाटा, गाजर घे. साधं सूप तरी यायला हवं माणसाला."

त्या खुर्ची ओढून दारात बसल्या आणि मी खोक्यांतली सुरी आणि पाट काढून उत्साहाने माझी दुकानातली करामत सुरू केली. खटाखट, कागदासारख्या चकत्या!

"हे सूप आहे की सर्कस? विरघळून जाईल सगळं. जाड चीर!"

मग कांदा टाकला, तर तेलातून धूर यायला लागला. "आच कमी कर! अगं कमी... कांद्याला नुसता घाम फुटायला हवा, तू तर त्याला चितेवर चढवलंस!"

दुसऱ्या कांद्याचीही तीच गत झाली. तिसऱ्याला आत्या उठल्याच. "सरक. सरक बाजूला, मला नाही बघवत."

जवळ पडलेली सुरी त्यांनी उचलली. ती जाड मुठीचीच होती. मी पाहिलं, डॉक्टरने पाहिलं. त्यांनी बटाटा खिळ्यांत खोचला, जरा हलवून पाहिला, तो हलला नाही. सुरी सावकाश खाली आली. एक फोड. दुसरी फोड. मग हाताला जुनी लय सापडली.

"बघत काय उभा राहिलास?" त्या डॉक्टरवर खेकसल्या. "पाणी उकळायला ठेव."

जेवताना आत्यांनी दोनदा वाडगा भरून घेतला. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि इतक्या तृप्त सुरात तक्रार करणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

डॉक्टर मला सोडायला खाली आला. बाहेर भुरभुर पाऊस होता. आम्ही दोघंही दाराच्या वळचणीला उभे, छत्री त्याच्या हातात, पण ती उघडायचं भान कुणालाच नव्हतं.

"तुला थँक यू म्हणायला आलो होतो," तो म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. "पण तो शब्द फारच लहान पडतोय."

"मग मोठा शोध," मी म्हटलं. "मी थांबते." माझ्याही तोंडून 'तू'च आलं होतं.

मग सुट्ट्यांचे दिवस माझे उरलेच नाहीत, ते आत्यांचे झाले. मी आच ओळखायला शिकले, मीठ अंदाजाने टाकायला शिकले. जेवण झालं की डॉक्टर आत्यांच्या बोटांना साधं क्रीम चोळत बसायचा. त्या "पुरे रे, पुरे" म्हणायच्या आणि हात मात्र मागे घ्यायच्या नाहीत. एकदा मी आरशात बघत म्हटलं, "माझ्या चेहऱ्यालाही काहीतरी दे ना. तुझं ते सोनेरी..." तर तो मान वर न करता म्हणाला, "उन्हात जाताना सनस्क्रीन लाव. बाकी त्या चेहऱ्यात सुधारणेला जागा नाही." आत्या खोकल्या. आम्ही दोघंही लाल झालो.

आणि मग माझ्या कंपनीचा निरोप आला. इथलं माझं काउंटर बंद होणार होतं. नव्याने लागणाऱ्या मुलींना शिकवायला मला दुसऱ्या शहरात जायचं होतं. मोठं काम, मोठा मान. मी धावत पहिल्यांदा त्यालाच सांगितलं.

तो हातातली बाटली पुसत राहिला. "छान. जायलाच हवं तू."

"आणखी काही?"

"...नाही. छानच आहे."

एवढंच? मी कशाची वाट बघत होते, ते मला तेव्हा कळलं. "बरं. येते, डॉक्टर. चालू द्या तुमचं," मी म्हटलं. ते 'तुमचं' त्याला बरोबर लागलं.

आत्यांपासून काय लपणार? "भांडलात?"

"नाही."

"मग भांडा की! गप्प बसून कुणाचं भलं झालंय?" त्यांनी मला जवळ बसवलं. "तो लहानपणापासून असाच आहे. आवडतं खेळणं कपाटात ठेवायचा, तुटेल म्हणून. तू जा. कुणासाठी अडून राहू नकोस, मी सांगते म्हणून जा. पण त्याला विचारल्याशिवाय जाऊ नकोस."

मी ठरवलं. शेवटच्या दिवशी काम संपलं की विचारायचं. हो किंवा नाही, सोक्षमोक्ष लावायचा.

शेवटच्या दिवशी माझ्या काउंटरभोवती चांगलीच गर्दी होती. मी सुरी दाखवत होते, पाट दाखवत होते. मन मात्र ठिकाणावर नव्हतं. इतक्यात मागून आवाज आला, "एकट्या माणसाला याचा उपयोग होईल का हो?"

मान वर केली. बायकांच्या घोळक्यात डॉक्टर उभा होता. आज कोट नव्हता. इस्त्रीचा निळा शर्ट, आणि चेहरा असा, जणू परीक्षेलाच बसलाय.

माझा हात थांबला. "एकट्याला... साधी सुरी पुरते. घरात दोघं-तिघं असतील तर घ्या."

"सध्या दोघं आहोत. मी आणि आत्या." त्याने शर्टाची बाही उगाचच सरळ केली. "तिघं व्हायचा विचार आहे. पण ते तुमच्यावर आहे... तुझ्यावर."

घोळक्यातल्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"मी तर दुसऱ्या गावी चाललेय," मी कसंबसं म्हटलं.

"जा ना. मी अडवायला आलो नाही. मी इतके दिवस गप्प बसलो, कारण वाटलं, तोंड उघडलं तर तू माझ्यासाठी थांबशील. तुझं नुकसान होईल. आत्या म्हणाली, तू तिला काय समजलास, ती काय काचेची आहे?" तो एका दमात बोलत होता. "मी दर सुट्टीला तिकडे येईन. तू सुट्टीत इकडे ये. तुझं तिथलं काम झालं की पुढचं बघू... मिळून. माझं तुझ्यावर प्रेम आहे. आणि माझ्या घरात पुन्हा चूल पेटली, ती तुझ्यामुळे, हे मी जन्मभर विसरणार नाही. पण ते निराळं. तू नुसतंच बीट उडवलं असतंस, तरी मी हेच विचारलं असतं."

पुढे उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी पिशवी सावरली. "पोरी, हो की नाही ते सांगून टाक बाई, आणि मला ती सुरी बांधून दे. माझी बस जाईल."

"हो," मी म्हटलं. ते कुणाला म्हटलं, आजींना की त्याला, हे मलाही कळलं नाही. पण टाळ्या वाजल्या, आणि तो असा हसला की दुकानातले सगळे दिवे त्यापुढे मंदच.

काउंटर आवरून निघायला वेळ लागला. त्यात आम्ही आत्यांकडे चालत गेलो, तेही रमतगमत. त्याने माझा हात हातात धरला होता, सगळ्या रस्त्याच्या देखत, आणि मला तो मागे घ्यावासा वाटत नव्हता.

दार उघडलं तर टेबलावर चार ताटं मांडलेली. बाबा आले होते! संध्याकाळची ड्यूटी बदलून, स्वच्छ दाढी करून, संकोचून खुर्चीच्या कडेवर बसले होते. आत्यांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं.

"किती हा उशीर!" आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "दोनदा गरम केलं मी सगळं. हे बिचारे केव्हाचे उपाशी बसलेत. घरी कुणी वाट बघत असतं, एवढं तरी कळायला नको?"

मी दारातच थबकले. इतकी वर्षं मी घरी यायची ती कुलूप उघडून. कितीही उशीर झाला तरी विचारायला कुणी नसायचं. एकदम डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

आत्या घाबरल्याच. "अगं, अगं... रडतेस काय वेडे? मी काही खरोखर रागावले नाही."

मी त्यांच्या गळ्यात पडले. "रागवा ना, आत्या," मी म्हटलं. "अजून थोडं रागवा."