बांधावरची रुई

आठ दिवसांच्या झडीनंतर उघडीप पडली आणि सांगलीजवळच्या पायगोंडाआप्पांच्या मळ्यात फवारणीचा पंप घुरघुरला. तशी त्यांची लेक दीपाली हातातलं ताट टाकून पळत सुटली ती थेट बांधावर... रुईच्या झुडपाला पाठ लावून उभीच राहिली!

समोर पाठीवर पंप घेतलेला परगावचा गडी. नाव भरतेश. कपाळावरचं गंध अजून ओलं. देवळातून सरळ इकडं आलेला.

"बाजूला व्हा. तणनाशक मारायचं हाय."

"मारा की माझ्यावर!"

"तुमच्यावर मारलं तर आप्पा मला मारतील," तो हसला. हसला आणि... मेला दिसला लयच छान. दीपालीला स्वतःचाच राग आला.

तिनं पान उलटून दाखवलं. खाली पट्ट्यापट्ट्यांची अळी.

"ही रुईशिवाय काही खात न्हाई. मागच्या श्रावणात ह्या बांधावर चाळीस फुलपाखरं मोजली मी. यंदा सहा. आपण जैन माणसं. तुमी पाणी गाळून पिता ना?"

"व्हय."

"चातुर्मासात कांदा?"

"छे! जीव मरत्यात..." बोलता बोलता तो थांबला. हातातली नळी खाली गेली. मग कितीतरी वेळ तो अळीकडं बघत होता... की तिच्याकडं? दीपालीचे कान तापले.

तेवढ्यात आप्पा आले. "थांबलास का रं? बांध घाण दिसतोय. लोक शेण घालत्यात तोंडात."

"आप्पा, देवापुढं नेम घेतलाय मी. ह्या बांधावर औषध पडलं, तर त्या दिवसापासून अन्न बंद."

"असला नेम असतोय व्हय गं?"

"असतोय. मी घेतलाय म्हणजे असतोय!" तिचं पाऊल हललं नाही.

आप्पांनी लेकीचा नाद सोडला. "भरतेश, तू मार रं."

भरतेशनं शांतपणे पंप उतरवून चिखलात ठेवला.

"न्हाई आप्पा. मीबी नेम घेतला."

"कवा?"

"आत्ताच."

"किती दिवसांचा?"

"ह्यांचा जेवढा, तेवढा."

दीपालीनं मान वर केली. आता हसू आवरणं तिच्या हातात नव्हतं.

"माझा तर जन्माचा हाय," ती म्हणाली.

"मग माझाबी."

आप्पा एकदा पोराकडं, एकदा पोरीकडं बघत राहिले... आणि त्यांनी घसा खाकरून विचारलं, "तुझं घराणं कुठलं रं?"