मागच्या शटरच्या चौदा गाड्या

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी यात पदरचा एक शब्द घातलेला नाही.

हे माझ्या बायकोबरोबर घडलं. तिने ते तीन वर्षं पोटात ठेवलं आणि जायच्या नऊ दिवस आधी मला सांगितलं. त्या अवस्थेत माणूस गोष्टी रचत नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती. बुधवार. दोन वाजून गेले होते. जागा म्हणजे शहराबाहेरचं गाड्यांचं गोदाम.

ती तिथे स्टॉक मोजायची.

मंदीचं वर्ष होतं. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रीड गाड्या कंपनीने मोठ्या हौसेने मागवल्या होत्या. आता त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. तीनशेच्या वर गाड्या धूळ खात उभ्या होत्या. किती पडून आहेत तो आकडा दर पंधरा दिवसांनी वर कळवायचा.

मोजायची रीत ठरलेली होती. दोन माणसं लागत. एकाने काचेतून गाडीचा नंबर वाचून मोठ्याने पुकारायचा. दुसऱ्याने तोच परत म्हणायचा आणि कागदावर पेन्सिलीने टिक करायची. चूक होऊ नये म्हणून.

पुकारायची माझी बायको. परत म्हणायचे डबलभाऊ.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. पण वीस वर्षं दुसऱ्याचे आकडे परत म्हणून म्हणून त्यांना सवयच जडली होती. "जेवलात का?" असं विचारलं की म्हणणार, "जेवलात का... हो, जेवलो." सगळे हसायचे. तेही हसायचे. हिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

एक दिवस साहेबांनी हिला केबिनमध्ये बोलावलं.

"दोन माणसं परवडत नाहीत आता. मोजणीला कोणाला ठेवू, तुम्हीच सांगा."

"डबलभाऊ एकेका बॉनेटला हात लावत पुढे जातात," ती म्हणाली. "दिवस घालवतात. मी एकटी तासाभरात करीन."

"ते कसं काय?"

"एक रांग मोजायची. गुणिले रांगा."

साहेब खूश झाले. "वा! मला अंदाजच हवाय. जनगणना करायची नाहीये."

त्याच संध्याकाळी डबलभाऊंना घरी बसवलं. डब्याची पिशवी घेऊन ते हिच्या टेबलापाशी आले. बोल लावायला नाही. म्हणाले, "तिसऱ्या रांगेतल्या दोन गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्यात. लक्ष ठेव, पोरी."

हिने मान वर केली नाही.

पुढची मोजणी हिने एकटीने केली. बुधवारच होता. वेळ दोनची. थंडी कडाक्याची. एक रांग मोजली, गुणाकार केला. गोदामाच्या मागे एक बंद कप्पा होता. पूर्वी तिथे गाड्या धुवायचे. त्याला वेगळं शटर. आत चौदा गाड्या मावत. शटर खाली होतं. वर करायचा हिला कंटाळा आला.

'चौदा' असं लिहून टाकलं.

तेवढ्यात आतून घरघर ऐकू आली...

अर्धा मिनिट. मग बंद.

शेजारच्या गोदामाचा पाण्याचा पंप असेल, असं म्हणून ती वळली. कागदाच्या तळाशी छापलेलं होतं, 'प्रत्येक गाडी प्रत्यक्ष पाहिली.' त्याखाली सही केली. वेळ टाकली. पावणेतीनला बाहेर पडली.

त्या संध्याकाळी तिचं डोकं दुखत होतं. मला आठवतंय. मी बाम लावून दिला होता.

पंधरा दिवस गेले. या वेळी वरून तंबी आली. अंदाज नको, एकेक नंबर हवा. अर्ध्या गाड्या दुसरीकडे हलवायच्या होत्या.

म्हणजे सुरुवातीला सांगितला तो बुधवार.

गोदामात चिटपाखरू नव्हतं. पहिल्या गाडीपाशी उभी राहून हिने सवयीने पुकारलं, "चार शून्य सात दोन."

आणि मागून कुठूनतरी आलं...

"चार शून्य सात दोन."

पत्र्याचं छप्पर. आवाज घुमला असेल. ती पुढच्या गाडीकडे गेली.

"चार शून्य सात आठ."

"चार शून्य सात आठ..."

मग कागदावर पेन्सिल ओढल्याचा बारीक आवाज.

टिक.

ती दाराकडे वळली. पण आकडा चार वाजेपर्यंत द्यायचा होता. शिवाय भर दुपारी, उजेडात भ्यायचं तरी कोणाला? तिने मुद्दाम एक नंबर चुकीचा पुकारला. गाडीवर शेवटचा आकडा सहा होता, ती पाच म्हणाली.

थोडा वेळ काहीच नाही.

मग शांतपणे, वीस वर्षं चुका दाखवत आलेल्या माणसासारखं...

"सहा आहे, पोरी."

घुमणारा आवाज चूक दुरुस्त करत नाही.

मी तिला विचारलं, तू पळाली का नाहीस? ती म्हणाली, "पळून कुठे जाणार? साहेबांना काय सांगणार? माझ्याच तोंडाने मी त्यांना घालवलं होतं."

तिने सगळ्या रांगा पुकारल्या. प्रत्येक नंबर परत आला. प्रत्येकाला टिक. एकही चूक नाही. आवाज मात्र दर रांगेला थोडा जवळ येत होता. ती पुढे जात होती की तो, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

मग ती त्या शटरपाशी आली.

शटर वर केलं. आतून कोंदट वास आला. गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या.

पहिली पुकारली. परत आली. दुसरी. परत आली. तेराव्या गाडीला आवाज अगदी कानाशी होता.

चौदावी कोपऱ्यात होती. तिने नंबर वाचला.

"चार तीन एक नऊ."

...

कोणी परत म्हटलं नाही.

तिने पुन्हा पुकारलं.

काहीच नाही. टिक नाही. श्वास नाही.

तिने हाताने काच पुसली आणि आत बघितलं.

डबलभाऊ पुढच्या सीटवर बसले होते. मान खाली. मांडीवर डब्याची पिशवी.

पुढचं नंतर कंपनीच्या मेकॅनिकने समजावलं. त्या गाड्या चालू असल्या तरी आवाज करत नाहीत. आत हीटर लावून बसलं की बॅटरी उतरते, मग इंजिन आपोआप सुरू होतं, बॅटरी भरली की आपोआप बंद. शटर लावलेलं. धूर आतल्या आत. माणसाला नुसती झोप येते.

नोकरी गेल्याचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. जुनी किल्ली खिशात राहिली होती. रोज डबा घेऊन निघायचे, मागच्या दाराने आत यायचे, शटर लावायचे आणि कामाची वेळ संपेपर्यंत त्या गाडीत बसायचे.

साहेब नाकाला रुमाल लावून आले. गाडीकडे बघितलं, मग हिच्याकडे.

"वर काय कळवायचं? धरायची आकड्यात की एक कमी?" असं म्हणून ते स्वतःच हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मागच्या वेळी ही गाडी तुम्ही पाहिली होती ना, मॅडम? सही तुमची आहे. पाहिली नव्हती म्हणालात, तर डबलच्या मागोमाग तुमचीही नोकरी गेली."

दुसऱ्या दिवशी डबलभाऊंची बायको गेटवर आली. पंधरा दिवस ती नवऱ्याला शोधत होती. कंपनीत फोन केला तेव्हा साहेबांनी तिला सांगितलं होतं, "ते आमच्याकडे नाहीत. तुम्हाला सांगितलं नाही का? मग आणखी काय काय सांगितलं नसेल, बघा."

ती हिला म्हणाली, "ताई, पंधरा दिवसांमागच्या त्या बुधवारी अडीचला त्यांचा फोन आला होता. डोकं दुखतंय म्हणाले. कामावर आहे म्हणाले. त्यानंतर आलेच नाहीत. तुम्ही तेव्हा इथेच होतात ना? ती गाडी बघितली होती?"

अडीचला डबलभाऊ जिवंत होते. अडीचला ही शटरच्या बाहेर उभी होती.

"बघितली होती, वहिनी," ही म्हणाली. "रिकामी होती."

आणि हिच्या पाठीमागून, गोदामातून...

"रिकामी होती."

टिक.

वहिनींना ते ऐकू गेलं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मग अडीचला ते कोणाकडे होते?"

हिला तेव्हाही बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

त्या दिवसापासून माझ्या बायकोने एकही आकडा तोंडाने उच्चारला नाही. भाजीवाल्याला बोटं दाखवायची. दवाखान्यात वय विचारलं तर कागदावर लिहून द्यायची. मला वाटायचं, खोड लागली असेल. तीन वर्षं मी त्यावर थट्टा केली.

ती गेली, त्याच्या अकराव्या दिवशी वहिनी आमच्याकडे भेटायला आल्या. खूप खंगल्या होत्या. म्हणाल्या, "ताईंनीच शोधलं हो आमच्या माणसाला. नाहीतर कोणी बघितलंही नसतं."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"दादा, एक विचारू? तीन वर्षं हेच डोक्यात फिरतंय. लोक काहीबाही बोलतात. मुलगी तर वडिलांचा फोटोही लावू देत नाही. ताईंनी त्या दिवशी खरंच बघितलं होतं ना? गाडीत कोणी नव्हतं?"

एका वाक्याचं काम होतं. त्या बाईचा नवरा तिला परत मिळाला असता.

पण समोर भिंतीवर हिचा फोटो होता. हार अजून ताजा होता. हिला कोणी खोटारडी म्हणावं, हे मला सोसलं नसतं.

"बघितलं होतं," मी म्हणालो. "कोणी नव्हतं."

वहिनींनी मान हलवली. डोळे पुसले. आणि तशाच थांबल्या...

त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"घरात आणखी कोणी आहे का, दादा?"

मीही ऐकलं होतं. आवाज हिचा होता.

"नाही," मी म्हणालो. "मी एकटाच असतो."

आतून, अगदी हळू, तेच परत आलं.