काचेखालचे भाडेकरू

एकोणीसशे एकोणसत्तर साल. मी एका प्रयोगशाळेत काचेच्या ताटल्यांत जंतूंचं खाद्य ओतायचं काम करायची. ते तिथे नवे तंत्रज्ञ. पहिल्याच दिवशी दारात मला धडकले, ताटल्या कशाबशा सावरल्या नि म्हणाले, "जंतू उपाशी राहिले असते हो, पाप लागलं असतं!"

मी हसले. मग रोजच हसू लागले...

त्याच पावसाळ्यात माझी पाळी थांबेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवी आतून साफ केली. पाठोपाठ ताप, ओटीपोटात कळा. लग्न न झालेल्या मुलीला असलं दुखणं! वहिनी म्हणाली, "कुठे बोलू नकोस गं, लोक नाही नाही ते बोलतील." डॉक्टरीणबाईंनी तपासायला आतला नमुना घेतला, तेव्हा मी त्यांना विनवलं – नमुन्यावर नाव नको, नुसता आकडा घाला. पण गावात प्रयोगशाळा एकच, आमची. माझे जंतू मीच ओतलेल्या ताटलीत वाढले.

"इकडे या, गंमत बघा," ते सूक्ष्मदर्शकावरून म्हणाले.

मी वाकले. शेजारच्या ताटलीवर माझाच आकडा होता.

"हे बायकांच्या खालच्या वाटेवरचे निमूट भाडेकरू. पण वर गर्भपिशवीत, नळ्यांत शिरले की घरच पेटवतात. सूज, ताप... औषधाला उशीर झाला तर नळ्या कायमच्या चिकटतात, मग मूल राहत नाही."

"म्हणजे ती बाई... तसली असेल?"

"तसली कसली? जंतूंना काय चारित्र्य कळतं?"

खिडकीवर पाऊस वाजत होता. मी गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण ते मला मागणी घालणार, हे ताटल्या धुणाऱ्या मावशींनाही ठाऊक होतं. अन् हे लपवून हो म्हणणं – मला जमणार नव्हतं.

"तो नमुना... माझा आहे."

त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी घाईघाईनं स्टूल पुढे सरकवलं. "आणि सकाळपासून उभ्या आहात? बसा आधी!" मग जमिनीकडे बघत – "मी तुम्हाला विचारणार होतो... तुमच्या नळ्यांना नाही."

लाजेनं मेले मी. तरी हसूही आलं.

औषधाला उशीर झालाच होता. आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टरीणबाई मुलाकडे परगावी गेल्या, तिथेच वारल्या. वहिनीनं तो विषय पुन्हा काढला नाही. सासूबाईंनी मात्र मला कधी एक टोमणा मारला नाही. मला वाटायचं, स्वभावच गोड.

हे गेले, त्यानंतर नणंदेनं सांगितलं. मूल का नाही, असं लोक विचारू लागले तेव्हाच यांनी आईला बजावलं होतं, "दोष माझ्यात आहे. तिला काही बोलू नकोस."

माझी मान खाली गेली. सासूबाईंना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. ज्यांना खरं सांगायचं, त्याच उरल्या नव्हत्या.