पंख्याचं बटण

मनकर्णाचं पत्र आलं तेव्हा आंब्याचे दिवस होते. दिवाळी तोंडावर आली तरी बद्रीनाथनं उत्तर लिहिलं नव्हतं. 'दुखणं उठलं की मला बोलता येत नाही. दवाखान्यात माझ्या वतीनं बोलायला याल का?' एवढंच तिनं विचारलं होतं. पण वाण्याकडे साखर मागतानाही ज्याची जीभ अडखळते, त्यानं काय लिहावं?

ओळख झाली तीच मुळी दवाखान्यात. आईचा हात मोडला म्हणून तो कॅज्युअल्टीत बसला होता. समोरच्या बाकावर एक बाई. भर उन्हाळ्यात गालाभोवती शाल! कुणीतरी पंखा लावला, आणि वीज अंगावर पडावी तशी ती वाकली. ओरडली नाही... नुसता एक हात पंख्याकडे उठला. बद्रीनाथनं जाऊन बटण बंद केलं आणि तो तिथंच उभा राहिला.

"ओ भाऊ, जीव घेता का उकाड्यानं?" लोक खेकसले.

त्यानं तळहातानं बटण झाकलं. तिथून तो हलला नाही.

तो क्रांती चौकाजवळच्या वाचनालयात कामाला असतो, हे त्या दिवशी त्याच्या आईनंच तिला सांगितलं. पत्र तिथंच आलं. आणि उत्तर येईना, तेव्हा एक दिवस ती स्वतःच आली.

"पत्र पोचलं का?"

"पोचलं..."

"मग?"

"शब्द सापडंनात."

"एवढ्या पुस्तकांत बसून?" तिच्या ओठांचा उजवा कोपरा हलला. "हसवू नका हं. हसलं की कळ येती."

"मी — मी कुठं हसवलं?"

"तुमच्या तोंडाकडं बघून हसू येतं, त्याला मी काय करू?"

मग ती गंभीर झाली. चेहऱ्यातली एक नस. वारा लागला, घास चावला, बोललं, की कळ उठायची. दर वेळी नवा डॉक्टर, आणि हिचं तोंड बंद. "दात समजून दोन चांगल्या दाढा काढल्या माझ्या, बद्रीनाथराव."

त्याची मान खाली गेली. "काय बोलायचं ते शिकवा," तो म्हणाला.

"शिकवते. पण पत्राचं उत्तर पत्रानंच. तोंडी चालायचं नाही."

संध्याकाळी वाचक गेले की तालीम चालायची. ती डॉक्टर व्हायची. तो तिची पिशवी मांडीवर घेऊन बसायचा. तीत मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी, चालू गोळ्या, शाल.

"काय होतंय?" ती दरडावायची.

"दात नाही, नस आहे. डाव्या गालाला हात लावू नका. पंखा..."

"मोठ्यानं! डॉक्टरच्या कानात सांगणार का?"

थंडीत एका सकाळी तिची शेजारीण ताहेराआपा धावत वाचनालयात आली. "भाई, जल्दी चलो! बाई के मुँह से बात नै निकल री."

रिक्षात तो तिची पिशवी मांडीवर घेऊन वाऱ्याच्या बाजूनं बसला. शालीआड ती जबडा जराही हलू देत नव्हती.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं बॅटरी घेतली, दुसरा हात तिच्या जबड्याकडे नेला.

"थांबा!" स्वतःचाच आवाज बद्रीनाथला परका वाटला. "दात नाही, नस आहे. गालाला हात लावू नका. ही चिठ्ठी, या गोळ्या. त्यांना बोलायला लावू नका, मला विचारा."

डॉक्टरनं हात मागे घेतला. चिठ्ठी वाचली, सिस्टरला इंजेक्शन सांगितलं. "बरं झालं बोललात. तुम्ही यांचे कोण?"

हा प्रश्न तालमीत नव्हता.

बद्रीनाथ पिशवीचे बंद चाचपत राहिला. शालीआडून दोन डोळे, पाण्यानं भरलेले, त्याच्यावरच खिळले होते. त्यांनाही उत्तर हवं होतं.

"अजून... कुणी नाही," तो म्हणाला. "पण यांच्या पत्राचं उत्तर द्यायचंय मला."

डॉक्टरला काही कळलं नाही. मनकर्णानं एक बोट उचलून बद्रीनाथला दटावलं — हसवू नका.

दुपारी तिला झोप लागली. ताहेराआपा उशाशी बसली. बद्रीनाथ पोस्टात गेला, आंतरदेशीय पत्र घेतलं आणि तिथंच उभ्याउभ्या लिहिलं: 'दवाखान्यात तुमच्या वतीनं मी बोलेन. बरं असेल तेव्हा तुम्ही बोला, मी ऐकेन. तुमची हरकत नसेल तर एकाच घरात.'

वर तिच्या घरचा पत्ता घातला, पुंडलिकनगरचा. ती समोरच्याच दवाखान्यात निजली होती. हातात नेऊन देता आलं असतं... पण पत्राचं उत्तर पत्रानंच, असं तिनं बजावलं होतं. त्यानं पत्र लाल पेटीत सोडलं.