मागचं दार

चंद्रवस्तीतली सगळी माहिती पाच विदाकोठ्यांत साठवलेली होती. या कोठ्या एकमेकींना सारख्या विचारत, 'आहेस ना?' एखादीचं उत्तर वेळेत आलं नाही, की बाकीच्या तिला मृत ठरवून तिच्याकडच्या ऐवजाच्या नव्या प्रती काढायला बसत. रडारड नाही, सुतक नाही, थेट वाटणी.

संक्रांतीला साऱ्या वस्तीनं एकाच वेळी घरच्यांच्या जुन्या चित्रफिती मागवल्या. त्या ज्या प्रकाशतारेतून येत, तिच्यातूनच कोठ्यांची आपसातली विचारपूसही जायची. ती गर्दीत अडकली आणि दुपारपर्यंत पाचही कोठ्यांनी एकमेकींना मृत ठरवलं. मग सगळ्या मयत कोठ्या जोमानं प्रती काढू लागल्या. गर्दी आणखी वाढली.

तंत्रज्ञ शाल्मली बोधनकरचा जीव टांगणीला लागला. तिच्या दिवंगत आईचा आवाज त्या कोठ्यांत होता आणि पृथ्वीवर त्याची प्रत नव्हती.

"गावजेवणात वाढपी आणि पाहुणे एकाच दारातून घुसले, की असंच होतं," कोठीप्रमुख फिरोज मुलाणी म्हणाले. "वाढप्यांना मागचं दार द्यायचं. कोठ्यांचं आपसातलं बोलणं वेगळ्या तारेवर."

सुटी तार एकच होती, प्रशासकांचं गाणं वस्तीभर ऐकवणाऱ्या त्यांच्या गायनकक्षाची. ती काढून आणल्याबद्दल वस्तीनं मुलाणींचे वेगळे आभार मानले.

काही महिन्यांनी एका उल्केनं पुढच्या दाराची, म्हणजे वस्तीच्या मागण्यांची तार तोडली. शाल्मलीनं पाचही कोठ्यांना हाक दिली. एकीचंही उत्तर आलं नाही. नियम होता, पाचही गप्प झाल्या तर सगळं पुसून नव्यानं सुरुवात करायची. तिनं डोळे पुसले आणि कळीवर बोट ठेवलं.

"कुठल्या दारानं हाक मारलीस?" मुलाणींनी विचारलं.

"पुढच्या."

त्यांनी तिला कोठीघरात नेलं आणि एक पडदा मागच्या तारेला जोडला. पाचही कोठ्या ठणठणीत होत्या. मागणारं कुणी नसल्यामुळे त्यांनी रेंगाळलेल्या प्रतीसुद्धा पुऱ्या केल्या होत्या.

"सर, मीही कोठ्यांसारखंच केलं असतं," शाल्मली म्हणाली. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी ते बोट खिशात घाल."

तार जोडल्यावर तिनं सगळ्यात आधी आईचा जुना आवाज मागवला.

"शाल्मे, दोनदा फोन उचलला नाही तर लगेच शेजारच्या लेल्यांना बघायला पाठवतेस? अगं, कुकर लावत होते. आहे मी. तू जेवलीस का?"

"जेवते गं," शाल्मली म्हणाली, आणि मुलाणींनी डबा उघडला.