झालं म्हणायचं राहिलं

ही गोष्ट माझ्या धाकट्या मामाची. मामाला थापा मारता येत नाहीत. पत्ते खेळताना हुकूम हातात आला की त्याचे कान लाल होतात. त्यामुळे तो सांगतो ते मी खरं मानतो. तुम्ही मानावं असा आग्रह नाही.

गेल्या हिवाळ्यातली सकाळ. नुकतं फटफटत होतं. जागा, मामाच्या घरामागचं तळं.

मामा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. पण जीव सगळा कॅमेऱ्यात. थंडी पडली की सकाळी पक्ष्यांचे फोटो काढायला निघायचा आणि मामी सोबत असायचीच. “हौस यांची, शिक्षा मला,” असं म्हणायची, पण थर्मास भरून दारात आधी तीच उभी.

दोघांची एक पद्धत होती. तळ्याच्या काठाला एक वाळका खुंट आहे. त्यावर खंड्या येऊन बसतो. धुक्यात मामाच्या जुन्या कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही, लेन्स नुसती मागेपुढे चाचपडते. म्हणून मामी लाल चौकड्यांचा मफलर गुंडाळून खुंटाला खेटून उभी राहायची. मामा त्या मफलरवर फोकस धरायचा आणि एक फोटो काढून बघायचा.

“झालं?” मामी विचारायची.

“झालं.”

मगच ती बाजूला व्हायची. तो पहिला फोटो मामा लगेच डिलीट करायचा.

एकदा लेन्स पुसण्याच्या नादात तो ‘झालं’ म्हणायचं विसरला. ही बाई तशीच उभी. संध्याकाळी तापाने फणफणली.

“अगं, हलायचं नाही का?”

“तुम्ही झालं कुठे म्हणालात?”

त्या हिवाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मामी गेली. पोटदुखीचं निमित्त झालं. मामा रडला नाही. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर हजारो पक्षी निघाले आणि मामी एकातही नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून काढली. तिच्या खांद्याशी भलत्याच माणसाचं कोपर आलंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मामा जेवायचा, कामावर जायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. आत काही हलत नव्हतं. कधीतरी एवढंच म्हणायचा, “एक तरी ठेवायला हवा होता.”

थंडी पडल्यावर माझ्या आईनेच त्याला ढकललं. “जा, चार पाखरं टिपून ये. मख्खासारखा बसू नकोस.”

तो गेला. एकटाच.

धुकं दाट होतं. बोटं गारठून लाकूड झाली होती. त्याने स्टँड उभा केला, कॅमेरा खुंटाकडे वळवला. लेन्स मागेपुढे होऊ लागली. घर्र... घर्र...

एरवी त्या वेळी पाणकोंबड्या कलकलाट करतात. तेव्हा सगळं गप्प होतं. पाणीसुद्धा.

घर्र... घर्र...

आणि मग... बीप.

फोकस लागला होता.

मामाने डोळा लावून पाहिलं. खुंट, धुकं. बाकी काही नाही. सवयीने त्याने बटण दाबलं.

मागच्या पडद्यावर फोटो उमटला.

खुंटाला खेटून मामी उभी होती. लाल मफलर. नाक थंडीने लाल झालेलं. ती त्याच्याकडे बघत होती, नेहमीसारखी, वाट बघत.

मामाला काही वाटलंच नाही. भीती नाही, आनंद नाही. डोक्यात विचार पोहोचायच्या आधी अंगठा चालला. इतक्या वर्षांची सवय...

फोटो डिलीट झाला.

पडदा काळा झाला तेव्हा त्याला कळलं, आपण काय केलं.

तो तसाच स्टँड काखोटीला मारून घरी पळाला. दुपारी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेला. त्याने कार्डातून तो फोटो परत काढून दिला.

नुसता खुंट होता.

“फोकस मस्त लागलाय काका,” तो म्हणाला. “पण कशाचा काढलाय हो?”

मामाने फोटो मोठा करून बघितला. खुंटाभोवतीचं गवत दंवाने पांढरं होतं. फक्त खुंटाला लागून, दोन पावलांएवढ्या जागेत, दंव नव्हतं.

हे सगळं त्याने मला परवा सांगितलं. आवाज सपाट. कान अजिबात लाल नाहीत.

“तेव्हापासून तळ्यावर का जात नाहीस?” मी विचारलं.

“त्या दिवशी ‘झालं’ म्हणायचं राहिलं.”

मला कळायला जरा वेळ लागला.

“मग जाऊन म्हण ना एकदा.”

“म्हटलं तर ती जाईल.”

यंदाही थंडी लवकर पडली आहे. मामाने उठून तळ्याकडची खिडकी लावली.

“गारठा फार आहे,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता पुटपुटला, “मफलर तरी आहे तिच्याजवळ.”

मामीचा मफलर त्याच खोलीतल्या कपाटात असतो. माझ्या आईने घडी करून ठेवला होता. माझी खुर्ची कपाटाला लागूनच होती.

मी कपाट उघडलं नाही.