फाटकाबाहेरच्या चपला

पेपर फुटतो तुमच्या कपाटातून, आणि कात्री लावता पोरींच्या बाह्यांना. खुर्चीवर बसलेल्यांनो, चोर आत ठेवून तुम्ही झडती घेता बाहेरच्यांची. हे तोंडावर सांगायचं होतं, म्हणून आधी सांगितलं. आता सीमंतिनीची गोष्ट ऐका.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला मुरारमधल्या केंद्राच्या फाटकावर तिच्या नाकातली चमकी निघेना, तेव्हा झडतीवाल्या बाईनं ती ओढून काढली. रक्ताळलेलं नाक धरून सीमंतिनी आत बसली, पण नाडी अशी पळत राहिली की पेपर बिघडला, वर्ष गेलं. पुढे ती डॉक्टर झाली. बरोबरीचे दवाखाने टाकत होते, ही मात्र मेडिकल कॉलेजात शिकवायला राहिली. रविवारी बिर्लानगरात परीक्षेची पोरं गोळा करायची आणि जीवशास्त्राच्या आधी त्यांना फाटक शिकवायची. रांग लावा, कानातलं काढा, हात वर करा. मग बाकावर बसून आपली नाडी बघा. ती शांत झाली की पेपर.

यंदा मे महिन्यात पोरांना सोडायला ती त्याच फाटकाबाहेर उभी होती. वरून ऊन ओतत होतं आणि तिची बोटं गार पडली होती. तेवढ्यात शिपायानं तिच्याच वर्गातल्या गरिमाला अडवलं. पायात बूट होते. बूट चालत नाहीत. शेजारी तिचा भाऊ हात जोडून उभा.

"गरिमा, चप्पल सांगितली होती ना?"

"दादानेच घालायला लावले, मॅम. बोले, पाँव जलेंगे..."

फाटक लागायला आलं होतं. सीमंतिनीनं पायातल्या चपला काढून गरिमापुढे सरकवल्या. पोरगी आत पळाली, फाटक लागलं, आणि डांबराचा चटका डॉक्टरीणबाईंच्या मस्तकात गेला.

"या घाला," भाऊ म्हणाला. त्यानं स्वतःच्या चपला काढल्या होत्या. कपड्यांना जिऱ्याचा वास होता. दाल बाजारात त्याचं मसाल्याचं दुकान; नाव अंबरीश.

"आणि तुम्ही?"

"मी गुन्हेगार. भाजू द्या."

इतक्या भीतीत तिला हसू आलं... त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

पुढच्या रविवारी तो बिर्लानगरात हजर. हातात तिची चप्पल. एकच.

"दुसरी?"

"पुढच्या रविवारी."

"आणि मी काय लंगडी घालू?"

"मग रोज येऊ का? मला चालेल."

दुसरी चप्पल यायच्या आत बातमी आली. पेपर फुटला होता, परीक्षा रद्द.

गरिमानं जेवण सोडलं. सीमंतिनी तिच्या घरी गेली, तर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. "मॅम, फिरसे कैंसल कर दिया तो?" सीमंतिनी नुसती तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. दारात अंबरीश उभा होता. त्या दिवशी त्यानं एकही थट्टा केली नाही.

जूनमध्ये फेरपरीक्षा, पुन्हा तेच फाटक. गरिमा चपला घालून आली. वळून तिनं दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवून दाखवली आणि आत गेली. सीमंतिनी बाहेर फाटकाकडे बघत राहिली.

शेजारी उभ्या अंबरीशनं तिचं मनगट धरलं. "बघू तुमची नाडी. अरे... ये तो भाग रही है."

"अंगठ्यानं बघायची नसते. अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते."

त्यानं हात सोडला नाही. "मग ही माझी आहे. मे महिन्यातल्या त्या दिवसापासून अशीच पळतेय. लग्न कराल माझ्याशी?"

जिऱ्याचा वास अगदी जवळ आला.

"मला भीती वाटते—"

"माझी?"

"नाही. आपण सगळं नीट करायचं, जीव लावून करायचं, आणि मग कुणीतरी सांगणार, रद्द. का, ते विचारलं तर वर कुणी तोंड उघडत नाही. त्यांना विचारून थकले." तिनं मनगट सोडवून घेतलं नाही. "आता तुम्हाला विचारते. तुम्ही तर नाही ना रद्द करणार?"

अंबरीशनं अंगठा काढून तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"पुढच्या रविवारी नाही चालणार," सीमंतिनी म्हणाली. "आत्ता सांगा."